टेलिफोनच्या तारेवरची चावडी

संगणकाच्या इतिहासावरील बहुतेक लेखन यंत्रांविषयी किंवा ती घडविणाऱ्या माणसांविषयी असते. त्या यंत्रांना ज्या कायद्यांच्या, दरपत्रकांच्या आणि परवान्यांच्या चौकटीत वाढावे लागले तिच्याविषयी फार थोडे लिहिले जाते. सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे असेल, पण मला हा दुसरा भाग नेहमीच अधिक उद्बोधक वाटत आला आहे. टेलिफोनच्या तारेवर चालणारे संगणकीय सूचनाफलक, म्हणजेच बुलेटिन बोर्ड सिस्टिम किंवा बीबीएस, हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. एकच तंत्र, जवळपास एकच काळ, आणि तरीही एका देशात हजारो फलक उभे राहिले, तर दुसऱ्या देशात बोटांवर मोजण्याइतके. हा फरक का पडला, आणि संपले असे समजले गेलेले हे फलक आज पुन्हा का उभारले जात आहेत, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम हा प्रकार काय होता ते सांगणे आवश्यक आहे, कारण चाळिशीच्या आतील वाचकांनी तो पाहिलेला असण्याचा संभव नाही. एका माणसाच्या घरी एक संगणक, त्याला जोडलेला मोडेम आणि एक टेलिफोन लाईन. दुसऱ्या कोणीही आपल्या संगणकावरून त्या क्रमांकाला फोन लावायचा. दोन्ही मोडेम एकमेकांशी शिट्ट्यांच्या भाषेत बोलू लागले की पडद्यावर अक्षरे उमटत. इतरांनी ठेवलेले निरोप वाचायचे, आपला निरोप ठेवायचा, एखादी फाईल घ्यायची किंवा द्यायची, आणि फोन ठेवून द्यायचा. बहुतेक फलकांना एकच लाईन असल्याने एका वेळी एकच पाहुणा आत येऊ शकत असे. बाकीच्यांना ‘एंगेज’चा आवाज ऐकत बसावे लागे. गावच्या चावडीवर नोटीस लावलेली असावी, येणाऱ्याने ती वाचावी, शेजारी आपली चिठ्ठी डकवावी आणि पुढे जावे, तसाच हा व्यवहार होता.

अशा पहिल्या फलकाचे नाव सीबीबीएस. वॉर्ड क्रिस्टेन्सेन आणि रँडी सुएस या दोन हौशी संगणकप्रेमींनी तो शिकागोत उभारला. जानेवारी १९७८ मध्ये त्या शहरात प्रचंड हिमवृष्टी झाली आणि माणसे घरांत अडकून पडली. त्या सक्तीच्या सुट्टीत क्रिस्टेन्सेन यांनी प्रणाली लिहिली, सुएस यांनी यंत्राची जुळणी केली. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी फलक जाहीररीत्या सुरू झाला. काम प्रत्यक्षात सुमारे दोन आठवड्यांतच उरकले होते. परंतु दोन आठवड्यांवर कोणी विश्वास ठेवणार नाही म्हणून महिना सांगितला, असे त्यांनी नंतर सांगितले आहे. क्रिस्टेन्सेन यांनी त्याआधीच, १९७७ मध्ये, फोनवरून फाईल बिनचूक पाठविण्याची एक्समोडेम ही पद्धत तयार करून सर्वांसाठी खुली ठेवली होती. या दोन्ही गोष्टींचे मोल त्यांनी कोणाकडे मागितले नाही. सुएस २०१९ मध्ये आणि क्रिस्टेन्सेन २०२४ मध्ये निवर्तले.

त्या काळच्या वेगाची कल्पना यावी म्हणून एक हिशेब मांडतो. सीबीबीएसचा मोडेम सेकंदाला ३०० बिट, म्हणजे साधारण ३० अक्षरे वाहून नेई. प्रस्तुत लेख रोमन लिपीत असता तर तो पोहोचायला सात-आठ मिनिटे लागली असती. आजच्या युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते; त्या हिशेबाने वीस मिनिटांहून अधिक. एवढ्या संथ मार्गावरून माणसे बोलत होती, ती त्यांना एकमेकांशी बोलायचे होते म्हणून.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे वळतो. शिकागोतील त्या घरात मोडेम फोनच्या तारेला जोडण्यापूर्वी कोणाची परवानगी घ्यावी लागली? कोणाचीही नाही. परंतु दहा-बारा वर्षे आधी परिस्थिती अशी नव्हती. अमेरिकेतील टेलिफोनवर एटी अँड टी या कंपनीची जवळजवळ एकाधिकारशाही होती, आणि कंपनीच्या तारेला कंपनीखेरीज दुसऱ्याचे उपकरण जोडण्यास मनाई होती. टेक्सासमधील थॉमस कार्टर यांनी बिनतारी संच टेलिफोनला जोडणारे एक उपकरण बनविले. तेलविहिरींवर काम करणाऱ्यांना त्याचा उपयोग होई. कंपनीने हरकत घेतली. प्रकरण संघीय दळणवळण आयोगापुढे गेले आणि १९६८ मध्ये निर्णय झाला की, जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहकाला आपले उपकरण जोडता आले पाहिजे. पुढे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयोगाने उपकरणांच्या नोंदणीची पद्धत लागू केली. ठरलेल्या तांत्रिक कसोट्यांना उतरलेले यंत्र कोणीही बाजारातून घ्यावे आणि भिंतीतल्या खोबणीत जोडावे. सीबीबीएस, १९८१ चा हेज कंपनीचा प्रसिद्ध ‘स्मार्टमोडेम’ आणि त्यापुढचे सारे फलक या निर्णयांच्या पायावर उभे आहेत. ज्यांनी ते निर्णय लिहिले त्यांच्या डोळ्यांसमोर संगणकीय फलक असण्याचे काही कारण नव्हते. चांगल्या नियमाचे मला हेच लक्षण वाटते. तो अपाय कशाला म्हणावे ते सांगतो आणि उरलेले माणसांच्या कल्पकतेवर सोडतो.

दुसरे कारण निव्वळ अर्थशास्त्रीय होते. अमेरिकेत घरगुती ग्राहकांना स्थानिक कॉल बहुधा ठरावीक मासिक भाड्यातच मिळत. फोन तासभर चालू ठेवला तरी जादा खर्च शून्य. परिणामी फलक हे प्रामुख्याने गावचे, शहराचे फलक झाले. लोक परगावच्या फलकाला फारसे फोन करीत नसत, कारण ट्रंक कॉलला पैसे पडत. ज्या देशांत स्थानिक कॉललाही मिनिटांप्रमाणे पैसे पडत तेथे हीच हौस महाग पडली. दरपत्रकातली एक ओळ माणसांच्या सामाजिक जीवनाला कसे वळण लावते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला पाठ्यपुस्तकात सापडले नव्हते.

या दरपत्रकावरच मात करण्यासाठी १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्ज यांनी ‘फिडोनेट’ सुरू केले. त्यांचा फलक आणि बाल्टिमोर येथील जॉन मॅडिल यांचा फलक, असे प्रारंभी दोनच. कल्पना साधी होती. दिवसभरात परगावासाठी साठलेली पत्रे रात्री दर उतरल्यावर संगणकांनी आपापसात फोन करून पोहोचवायची. पुढे एका शहराची सर्व पत्रे एकाच फलकाकडे द्यायची आणि त्याने ती शहरातल्या इतरांना स्थानिक कॉलने वाटायची, अशी व्यवस्था झाली. ज्यांनी टपाल खात्याची थैली आणि पोटकार्यालये पाहिली आहेत त्यांना हे तत्काळ ओळखू येईल. फरक इतकाच की या टपाल खात्यात पगारी नोकर एकही नव्हता. प्रत्येक फलकाला पत्ता होता, सर्व पत्त्यांची यादी दर आठवड्याला अद्ययावत होई, आणि प्रत्येक चालकाने रात्रीचा एक ठरावीक तास आपली लाईन पत्रांसाठी मोकळी ठेवावी एवढीच मुख्य अट असे. १९९० च्या दशकाच्या मध्यावर या यादीत जगभरचे तीस हजारांहून अधिक फलक होते.

सार्वजनिक साधनांचे व्यवस्थापन लोक स्वतः करू शकतात का, हा अर्थशास्त्रातील जुना वाद आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचा त्यावरील ग्रंथ १९९० चा. २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी अभ्यासिलेली उदाहरणे कुरणांची, मासेमारीची आणि पाटाच्या पाण्याची आहेत. मला वाटते, त्यांत या फलकांची भर सहज घालता येईल. लाईन एक आणि इच्छुक शंभर, म्हणजे पाण्याच्या पाळीचाच प्रश्न. फलकचालकांनी त्यावर स्वतःच तोडगे काढले. प्रत्येकाला दिवसाला ठरावीक मिनिटे. फायली घ्यायच्या तर काही द्यायलाही हव्यात. शिवीगाळ करणाऱ्याचे खाते बंद. चालक हा कोणी अदृश्य अधिकारी नव्हता. त्याचे नाव, गाव आणि बहुधा घरचा पत्ताही सर्वांना ठाऊक असे. तो मनमानी करू लागला तर लोक दुसऱ्या क्रमांकाला फोन लावत.

याचा अर्थ सारे आलबेल होते असा नाही. चोरीची सॉफ्टवेअर, इतरांचे क्रेडिट कार्ड क्रमांक, अश्लील चित्रे, बदनामीचा मजकूर हे सर्व काही फलकांवर होते, आणि शासनाची चिंता अनाठायी नव्हती. प्रश्न होता तो प्रमाणाचा. १ मार्च १९९० रोजी अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसने टेक्सासमधील ऑस्टिन येथे स्टीव्ह जॅक्सन गेम्स या खेळांच्या प्रकाशन संस्थेवर छापा घातला आणि तिचा फलक चालविणारा संगणक उचलून नेला. त्यात तिऱ्हाइतांची खासगी पत्रे होती. संस्था निर्दोष होती. १९९३ मध्ये न्यायालयाने सरकारला दोषी ठरवून भरपाई द्यायला लावली. मे १९९४ मध्ये इटलीत चोरीच्या सॉफ्टवेअरच्या तपासात पोलिसांनी फिडोनेटच्या अनेक फलकांची यंत्रे जप्त केली आणि पुष्कळ निरपराध चालकांचे फलक एका दिवसात बंद पडले. एका दुकानात चोरीचा माल सापडला म्हणून बाजाराला टाळे ठोकण्यासारखे हे होते. दुसरीकडे, १९८७ मध्ये संघीय आयोगाने संगणकीय सेवांवर टेलिफोन जाळ्याच्या वापराचे शुल्क बसविण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा सामान्य मोडेमधारकांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि १९८८ मध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला. नियामक ऐकतो, एवढेच यातून दिसले. पण ते थोडे नव्हे.

आता आपल्याकडे वळू. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात स्वतः सरकारनेच नमूद केले आहे की, देशात दर शंभर माणसांमागे ०.८ टेलिफोन होते. लाईन सुमारे ८० लाख आणि प्रतीक्षायादीवर २५ लाख माणसे. ज्या देशात बोलण्यासाठी फोन मिळत नव्हता तेथे संगणकासाठी वेगळी लाईन मागणारा माणूस विक्षिप्तच ठरायचा. तरीही मुंबई, दिल्ली, बंगळूर, पुणे अशा शहरांत हौशी माणसांनी फलक उभे केले. मुंबईचा ‘लाइव्ह वायर’ हा त्यांपैकी ठळक. काही फलक फिडोनेटला जोडलेले होते. म्हणजे संशोधन संस्थांच्या ‘एर्नेट’ला किंवा सरकारी ‘निकनेट’ला ज्यांचा प्रवेश नव्हता अशा सामान्य भारतीयाला परदेशी पत्र पाठविण्याची ती खिडकी होती.

येथे १८८५ चा भारतीय तार कायदा आडवा आला. त्याच्या कलम ४ नुसार तारयंत्रे उभारण्याचा, राखण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार केंद्र सरकारचा. इतरांना परवान्यानेच तो मिळे. १९९२ मध्ये ईमेल, डेटा इत्यादी ‘मूल्यवर्धित सेवा’ खासगी कंपन्यांना परवाना घेऊन चालविण्यास खुल्या झाल्या. हे पाऊल उदारीकरणाचे होते, पण त्यातूनच पेच उद्भवला. घरातल्या एका संगणकावर शेजारच्या पन्नास माणसांचे निरोप ठेवणे ही ईमेल सेवा म्हणायची काय? म्हणायची असेल तर कंपन्यांसाठी ठरविलेले लाखो रुपयांचे वार्षिक परवाना शुल्क या हौशी माणसालाही लागू झाले असते. तसे होण्याची चिन्हे दिसताच विरोधासाठी ‘फोरम फॉर राइट्स टू इलेक्ट्रॉनिक एक्स्प्रेशन’ या नावाने काही मंडळी एकत्र आली. अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि संगणकीय जाळे यांची सांगड घालणारी ती आपल्याकडील आरंभीची चळवळ होय.

त्याच सुमारास मी केंद्रीय सेवेत दाखल झालो. आमच्या एका ज्येष्ठांचे एक वाक्य मला अजून आठवते: “जे लिहून दिलेले नाही ते मना आहे असे धरून चालावे, पुढे त्रास होत नाही.” ते सज्जन होते, सचोटीचे होते, आणि त्यांच्या खुर्चीवरून पाहता त्यांचे म्हणणे बरोबरही होते. परवानगी नाकारणाऱ्या अधिकाऱ्याची चौकशी सहसा होत नाही. जे घडलेच नाही त्याची फाईल नसते, लेखापरीक्षण नसते, लोकसभेत प्रश्न नसतो. न उभारलेल्या फलकांची किंमत देशाने मोजली, पण ती कोणत्याही वार्षिक अहवालात दिसत नाही. अर्थशास्त्रात आम्ही याला संधीव्यय म्हणत असू. कचेरीत त्या शब्दाला लेखाशीर्ष नाही.

यानंतर घटना वेगाने घडल्या. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले आणि सरकारी एकाधिकाराच्या कल्पनेलाच धक्का दिला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. केवळ अक्षरे दाखविणाऱ्या खात्याला वर्षाला ५ हजार आणि चित्रे दाखविणाऱ्याला १५ हजार रुपये, असे व्यक्तींसाठीचे प्रारंभीचे दर होते. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी इंटरनेट सेवेला वाट मोकळी झाली. फलकांचा वाद सुटला नाही. तो निरर्थक झाला. जगभर हेच झाले. १९९० चे दशक संपेपर्यंत बहुतेक चालकांनी आपापल्या लाईन परत केल्या.

मराठी वाचकांसाठी एक उपकथा सांगण्याजोगी आहे. या फलकांची भाषा इंग्रजी वर्णमालेत कोंडलेली होती. देवनागरीसाठी इस्की हे भारतीय मानक १९९१ मध्ये अधिकृत झाले आणि पुण्याच्या सी-डॅकने त्यावर मोलाचे काम केले. पण दोन्ही टोकांना तीच सोय असल्याखेरीज त्याचा उपयोग नव्हता. म्हणून परदेशातील मराठी माणसांनी यूजनेटवरील मराठी गटात आपली भाषा रोमन अक्षरांत लिहिली. ळ आणि ल, ण आणि न यांचा निवाडा वाचणाऱ्याने संदर्भावरून करायचा. घरापासून दूर राहणाऱ्याला भाषेची तहान किती असते, हे मला उत्तरेतल्या आणि पूर्वेतल्या बदल्यांनी शिकविले आहे. त्यामुळे त्या वेड्यावाकड्या मराठीविषयी मला आदरच वाटतो.

आता पुनरुज्जीवनाविषयी. तांब्याच्या तारा जगभर काढल्या जात आहेत, आणि इंटरनेटवरून जाणाऱ्या आजच्या आवाजी कॉलवर जुना मोडेम नीट चालत नाही. अमेरिकेतील एओएलने ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली डायल-अप सेवा बंद केली. तरीही शेकडो फलक आज चालू आहेत. ते टेलनेट किंवा एसएसएच या मार्गांनी इंटरनेटवरूनच भेटतात. सिंक्रोनेट, मिस्टिक यांसारख्या प्रणाली विनामूल्य मिळतात आणि रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर एक सबंध फलक मावतो. काही उत्साही माणसे जुन्या कमोडोर ६४ ला वायफायचे छोटे यंत्र लावतात. ते मोडेमचे सोंग घेते, हेज कंपनीच्या आज्ञा ओळखते, आणि क्रमांक फिरविल्याचा आभास निर्माण करून इंटरनेटवरील फलकाशी जोडून देते. जेसन स्कॉट यांनी जुन्या फलकांवरील हजारो मजकूर जपून ठेवले आणि २००५ मध्ये त्या काळावर आठ भागांचा माहितीपट काढला. फिडोनेटची यादीही, खूप आटलेली असली तरी, निघते आहे.

हे केवळ स्मरणरंजन आहे असे म्हणता येईल, आणि पुष्कळ अंशी ते आहेही. पण तैवानचे उदाहरण पाहावे. तेथील पीटीटी हा फलक १९९५ मध्ये नॅशनल तैवान विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी सुरू केला. तो टेलिफोनऐवजी विद्यापीठाच्या जाळ्यावर चालला, पण रूप तेच: काळा पडदा, अक्षरे, जाहिरात नाही. तो कधी विकला गेला नाही आणि कधी बंदही पडला नाही. ३१ डिसेंबर २०१९ च्या पहाटे वुहानमधील अनोळखी न्यूमोनियाविषयीचा मजकूर त्यावर आला. तैवानच्या रोगनियंत्रण केंद्राच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने तो वाचला आणि त्याच दिवशी वुहानहून येणाऱ्या विमानांतील प्रवाशांची तपासणी सुरू झाली. सर्व यंत्रणा हाताशी असलेल्या शासनाला पहिली सूचना विद्यार्थ्यांच्या फलकावरून मिळाली. तो फलक जगू दिला गेला होता म्हणून ती मिळाली. याउलट बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठाचा तसाच जुना फलक मार्च २००५ मध्ये बाहेरच्यांना बंद करण्यात आला.

आपल्याकडे १८८५ च्या तार कायद्याची जागा आता २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली आहे. दूरसंचाराची व्याख्या नव्या कायद्यातही विस्तृतच आहे, त्यामुळे ती कोठे ताणायची हा विवेक पूर्वीइतकाच अधिकाऱ्याच्या हाती राहतो. मात्र २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत एक गोष्ट घडली, जी मला महत्त्वाची वाटते. ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांवर वेगळी, जादा बंधने घातली गेली. म्हणजे आकारानुसार जबाबदारी, हे तत्त्व आपल्या नियमांत आले. त्या बंधनांच्या तपशिलावर मतभेद आहेत व ते असू शकतात. परंतु शेजारच्या पन्नास माणसांचा फलक आणि पन्नास लाखांचा बाजार यांना एकाच मापाने मोजू नये, एवढेच तर १९९५ च्या आसपास ती हौशी मंडळी सांगत होती.

नव्याने सेवेत येणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांशी बोलण्याचा प्रसंग आला की मी त्यांना कोणत्याही नव्या गोष्टीचा मसुदा तपासताना तीन प्रश्न विचारण्यास सांगतो. यातून अपाय नेमका कोणाला? तो किती मोठा? आणि आपण लिहितो आहोत त्या नियमाचे ओझे सर्वांत लहान माणसाला पेलेल काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला सर्वांत अधिक वेळ लागतो, कारण तो लहान माणूस बैठकीला हजर नसतो. त्याच्या वतीने कोणी टिपण पाठवीत नाही. त्याच्या घरी एक संगणक असतो, एक लाईन असते, आणि रात्री कोणीतरी फोन करील या भरवशावर तो यंत्र चालू ठेवतो.